कॉलेजचा नंबर आणि मराठीचा रकाना

दहावी-बारावीचे निकाल लागले की सीमाभागातल्या मराठी घराघरांत एकच विषय असतो : पोरांना आता कुठे घालायचे? प्रश्न जुनाच आहे. उत्तर शोधण्याची रीत मात्र बदलली. पूर्वी वडीलधाऱ्यांचा पहिला सवाल असे, 'तिथे शिकवायला कोण आहे?' आता मुले विचारतात, 'त्या कॉलेजचा नंबर कितवा?' कॉलेजांनीही ही नाडी बरोबर ओळखली आहे. फाटकावरच्या फलकावर संस्थेच्या नावाखाली 'नॅक'ची श्रेणी ठळक रंगवलेली असते. प्रवेशाच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून जाहिराती येतात आणि इमारतीच्या छायाचित्राशेजारी एखादा क्रमांक असतोच. तो क्रमांक कुणी दिला, कशावरून दिला आणि त्यात आपल्या मुलाच्या शिक्षणाचे नेमके काय मोजले गेले, हे फारसे कुणी विचारीत नाही. आम्हांस वाटते, ते विचारायला हवे. आणि सीमेवरच्या मराठी माणसाने तर आधी विचारायला हवे. कारण या क्रमवारीच्या तक्त्यात भाषेला रकानाच नाही.

नाव कसे होत असे

बेळगावात पदवीच्या शिक्षणाची सोय झाली ती १९३३ साली लिंगराज कॉलेज निघाल्यावर. त्याआधी येथील मुले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, नाहीतर थेट पुण्याला जात. लिंगराज कॉलेज ज्या के.एल.ई. संस्थेने काढले, ती संस्था १९१६ साली सात शिक्षकांनी उभी केलेली. शिक्षकांनी संस्था काढावी आणि शिक्षकांच्याच नावाने ती ओळखली जावी, असा तो काळ होता. पुढे राणी पार्वतीदेवी कॉलेज आले. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ तेथे अध्यापन केले. इंदिरा संत याच गावात अध्यापक विद्यालयात शिकवीत होत्या आणि पुढे प्राचार्या झाल्या. त्यांना कुणा समितीने गुण देऊन मोठे केलेले नव्हते. कॉलेजचे नाव होत असे ते तोंडोतोंडी. थोरला भाऊ शिकून आला की त्याच्या बोलण्यावरून धाकट्याचे ठरे.

त्या पद्धतीचे गोडवेच गावेत असे मात्र आमचे म्हणणे नाही. तोंडी कीर्ती ही शिकलेल्या घरांतच फिरते. ज्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते, त्या खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीपर्यंत ती पोचत नसे. शिवाय एकदा झालेले नाव वर्षानुवर्षे पुरे. शिकवणारे निवृत्त होऊन जात, प्रयोगशाळेतल्या काचा फुटत, तरी जुन्या पुण्याईवर प्रवेश भरत राहात. तेव्हा कुणीतरी बाहेरून येऊन मोजमाप करावे, आकडे उघडे करावेत, ही मागणी मुळात चुकीची नव्हती.

मोजमाप आले कसे

ही हवा प्रथम अमेरिकेत सुटली. 'यू.एस. न्यूज' या साप्ताहिकाने १९८३ साली कॉलेजांची यादी छापली आणि खप वाढवणारी ती एक वार्षिक जत्राच होऊन बसली. आपल्याकडे 'इंडिया टुडे'ने १९९७ पासून उत्तम कॉलेजांच्या याद्या सुरू केल्या. २००३ साली चीनमधील शांघायच्या विद्यापीठाने जगभरच्या विद्यापीठांची क्रमवारी प्रसिद्ध केली, तेव्हापासून तर सरकारेही या शर्यतीत उतरली.

भारतात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्यांची सर्रास सरमिसळ होते. 'नॅक' ही १९९४ साली स्थापन झालेली, बंगळूरला मुख्यालय असलेली संस्था. ती कॉलेजला मान्यता आणि श्रेणी देते, नंबर देत नाही. वर्गात जसे अनेक मुलांना प्रथम श्रेणी मिळते, तशी ही श्रेणी अनेकांना मिळू शकते. दुसरी गोष्ट 'एन.आय.आर.एफ.' म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी. तिची घोषणा २०१५ साली झाली, पहिली यादी २०१६ साली निघाली आणि २०१७ पासून कॉलेजांची स्वतंत्र यादी येऊ लागली. येथे मात्र पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लागतात.

या क्रमवारीत भाग घेणे सक्तीचे नाही, हे पालकांच्या ध्यानी नसते. देशात ४० हजारांहून अधिक कॉलेजे आहेत. २०२४ च्या क्रमवारीसाठी अर्ज केलेली त्यांतली सुमारे ३,४०० होती. म्हणजे दर बारा-तेरा कॉलेजांमागे एक. त्यांतील पहिल्या १०० जणांना नंबर मिळतो, पुढच्यांना दीडशेपर्यंत, दोनशेपर्यंत, तीनशेपर्यंत अशा गटांत बसवले जाते. बाकीच्यांची नावे यादीत येतच नाहीत. २०२४ च्या पहिल्या दहांत सहा कॉलेजे एकट्या दिल्लीची होती, आणि पहिल्या शंभरांतल्या निम्म्याहून अधिक जागा दिल्ली आणि तामिळनाडू यांनीच व्यापल्या. यादीत नाव नाही म्हणजे कॉलेज वाईट, असा अर्थ काढणारा पालक त्यामुळे फसतो.

शिनोळीचा मुलगा आणि कणकुंबीची मुलगी

गुण कशाला मिळतात ते पाहू. पाच खाती आहेत : अध्यापन व साधने, संशोधन, विद्यार्थ्यांचे निकाल व पुढची वाटचाल, सर्वसमावेशकता, आणि लोकमत. विद्यापीठांसाठी त्यांचे वजन अनुक्रमे ३०, ३०, २०, १० आणि १० टक्के धरले गेले. कॉलेजांसाठी संशोधनाचे वजन कमी आणि अध्यापनाचे अधिक आहे. बहुतेक आकडे संस्थाच भरून देते.

यातले 'सर्वसमावेशकता' हे खाते सीमाभागाच्या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. २०२४ पर्यंतच्या चौकटीत त्यातल्या १०० गुणांपैकी ३० गुण परराज्यांतील व परदेशांतील विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर होते, आणि त्या ३० पैकी २५ परराज्यांच्या वाट्याचे. आता बेळगावचेच उदाहरण घ्या. चंदगड तालुक्यातला शिनोळीचा मुलगा सकाळी बसने बेळगावच्या कॉलेजात येतो आणि संध्याकाळी घरी जेवायला जातो. गाव महाराष्ट्रात असल्याने हिशेबात तो परराज्यातला, म्हणून कॉलेजला त्याचा गुण मिळतो. खानापूर तालुक्यातली कणकुंबीची मुलगी त्याच्याहून कितीतरी लांबून, घाटमाथ्यावरच्या जंगलातून येते. ती कर्नाटकातली, म्हणून या खात्यात तिचे मोल शून्य. दोघांच्या घरी मराठीच बोलतात आणि दोघे एकाच बाकावर बसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखलेल्या एका रेषेने यातल्या एकाला विविधता ठरवले आणि दुसरीला नाही. ज्यांनी ही चौकट बांधली त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण दिल्लीत बसून मोजले की सीमेवरचे माणूस असे मोजले जाते.

मराठीच्या प्राध्यापकाचे काय?

खरा फटका बसतो तो संशोधनाच्या खात्यात. येथे मोजले जातात ते प्रामुख्याने 'स्कोपस' आणि 'वेब ऑफ सायन्स' या दोन आंतरराष्ट्रीय सूचींत नोंदलेले लेख आणि त्यांचे दाखले. या सूची मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांच्या. मराठी नियतकालिके त्यांत जवळजवळ नाहीतच. आता एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाने दहा वर्षे खपून सीमाभागातल्या बोलीचा शब्दसंग्रह केला, चंदगडी बोलीवर ग्रंथ लिहिला, जुन्या दप्तरांतली मोडी कागदपत्रे लावली, तर त्या श्रमाची नोंद या तक्त्यात होत नाही. शेजारच्या खोलीतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या चार पानी इंग्रजी टिपणाची होते. आम्ही रसायनशास्त्राला कमी लेखत नाही. पण प्राचार्यांच्या जागी बसून विचार करा. एक पद भरायचे आहे, संस्थाचालक विचारताहेत की नंबर वर कसा येईल. अशा वेळी ते पद कोणत्या विभागाला जाईल?

याला थोडा उतारा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेल्या 'केअर' यादीत भारतीय भाषांतील नियतकालिकांना जागा होती आणि प्राध्यापकांच्या बढतीसाठी तिचा उपयोग होत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली. त्या यादीत दोष पुष्कळ होते हे खरे. पण मराठीत लिहिलेले संशोधन हे संशोधनच आहे, एवढे तरी ती मान्य करीत होती.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सीमाभागातही पेढे वाटले गेले. तो दर्जा आणि हा तक्ता एकाच केंद्र सरकारचे आहेत. एका हाताने भाषेला अभिजात म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने केलेल्या मोजमापात तिला रकाना ठेवायचा नाही, हे विसंगत आहे. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशाच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातील, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रकार केलेला आहे. मातृभाषा ही प्रवेशाच्या अर्जावर लिहिण्यासारखी, मोजता येण्यासारखी गोष्ट आहे, हे त्यावरून सिद्ध होते. प्रश्न इच्छेचा आहे.

हे दुखणे केवळ बेळगावचे नाही. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथे महाराष्ट्राबाहेर राहून मराठीचे विभाग चालत आले. तेथील मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्यांचा. अशा ठिकाणी मराठीच्या वर्गात बसणारी मुले थोडी असतात, हे गृहीतच आहे. त्या थोड्यांसाठी वर्ग चालू ठेवणे हीच त्या विद्यापीठांची थोरवी. नंबराच्या हिशेबात मात्र तो नुसता खर्च दिसतो.

आकडे भरणारा हात

जेथे क्रमांकावर प्रवेश आणि पैसा अवलंबून असतो, तेथे आकडे फुगतात. हा दोष आपल्याच मातीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा 'यू.एस. न्यूज'च्या यादीत दुसरा क्रमांक होता. २०२२ साली त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच संस्थेने दिलेले वर्गसंख्येचे व इतर आकडे तपासले आणि ते जुळत नाहीत असे जाहीरपणे मांडले. काही आकडे चुकल्याचे विद्यापीठाला मान्य करावे लागले आणि क्रमांक घसरून १८ वर आला. विद्यापीठ मात्र दोन्ही वर्षी तेच होते. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात तर खोटे आकडे पुरवल्याबद्दल व्यवस्थापन शाखेचे माजी अधिष्ठाता २०२१ साली न्यायालयात दोषी ठरले.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'नॅक'च्या तपासणी पथकातील सदस्यांना लाचेच्या आरोपावरून अटक केली. म्हणून सगळी श्रेणी खोटी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रामाणिकपणे काम करून चांगली श्रेणी मिळवणारी कॉलेजे सीमाभागातही आहेत. मूल्यांकनाच्या निमित्ताने ग्रंथालये सुधारली, माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी झाल्या, मुलींच्या खोल्यांची, स्वच्छतागृहांची विचारपूस होऊ लागली, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की नंबर हा माहितीचा आरंभ आहे, तिचा शेवट नव्हे.

आपण काय करावे?

पालकांनी प्रवेशाच्या खिडकीशी उभे राहून चार साधे प्रश्न विचारावेत. ज्या विषयाला मुलगा किंवा मुलगी जाणार, त्या विषयाला कायम प्राध्यापक किती आणि तासांवर नेमलेले किती? गेल्या तीन वर्षांचा त्या विषयाचा निकाल काय? पदवीच्या तिन्ही वर्षांत मराठी घेता येते का, की पहिल्याच वर्षी 'विद्यार्थी नाहीत' असे सांगून दुसरीकडे वळवले जाते? ग्रंथालयात मराठी नियतकालिके येतात का? राष्ट्रीय क्रमवारीसाठी भरलेला तक्ता संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो. तोही मागून पाहावा. एकूण नंबर न पाहता खाते पाहावे. संशोधनात वर असलेले कॉलेज पहिल्या वर्षाच्या मुलाला नीट शिकवतेच असे नाही.

संस्थाचालकांना आमची विनंती आहे की मराठीच्या वर्गात बारा मुले उरली म्हणून वर्ग बंद करू नका. बंद झालेला विभाग पुन्हा सुरू होणे किती अवघड असते, हे सीमाभागातल्या मराठी शाळांनी आपल्याला पुरेसे शिकवले आहे.

राहिल्या आपल्या साहित्य संस्था, वाचनालये आणि युवक मंडळे. संमेलनाच्या मांडवात आपण दरवर्षी ठराव करतो. त्याच उत्साहाने एक तक्ता करावा. बेळगाव, कारवार, बिदर, कलबुर्गी या भागांतल्या कोणत्या कॉलेजात पदवीला मराठी आहे, किती पदे भरलेली आहेत, किती मुले शिकतात, बोलींवर आणि स्थानिक इतिहासावर काय काम झाले, एवढेच चार-पाच रकाने. माहिती कॉलेजांत जाऊन घ्यावी, प्राचार्यांची सही घ्यावी आणि दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, प्रवेश सुरू होण्यापूर्वी, ती प्रसिद्ध करावी. त्यात कुणाला पहिला-दुसरा नंबर देऊ नये. कणकुंबीच्या मुलीला मराठी घेऊन पदवी कुठे घेता येईल आणि तिथे शिकवायला कोण आहे, एवढे त्यावरून कळले तरी पुरे.