बटू ससाण्याची ओळख

ससाणा म्हटले की भरवेगाने झेपावून कबुतराला लोळविणारा पक्षी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आफ्रिकेतील सर्वांत लहान शिकारी पक्षीही ससाण्याच्याच कुळातला. पण त्याची लांबी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या बुलबुलाएवढी, आणि वजन अवघे ६० ग्रॅमच्या आसपास. आपण त्याला बटू ससाणा म्हणू. इथिओपिया-सोमालियापासून टांझानियापर्यंतच्या कोरड्या प्रदेशात त्याची एक वस्ती आहे. दुसरी दूर दक्षिणेस, नामिबिया व कालाहारीच्या बाजूस.

काटेरी झाडाच्या शेंड्यावर तो ताठ बसलेला असतो. खाटीक पक्षीही असाच बसतो आणि येथेच पाहणारा फसतो. चोचीवरून निवाडा होत नाही, कारण ती दोघांचीही बाकदार असते. तेव्हा पाय पाहावेत. खाटकाचे पाय साध्या पाखराचे. म्हणून तो भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो. ससाण्याच्या पायांना मात्र भक्ष्य पकडून धरणाऱ्या नख्या असतात.

आता रंग पाहू. तोंड व पोट पांढरे स्वच्छ, डोळा काळसर, त्याभोवतीचे कडे आणि पाय तांबूस. नराची पाठ राखी; मादीच्या पाठीवर गडद तपकिरी पट्टा. उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरा भाग चमकतो आणि काळ्या पंखांवर पांढरे ठिपके दिसतात. पांढरा भाग तेथील छोट्या शिक्र्यालाही असतो. परंतु त्याच्या छातीवर आडव्या रेघा असतात व डोळा पिवळा असतो.

सर्वांत विलक्षण खूण त्याच्या घराची. हा पक्षी घरटे बांधीत नाही. दक्षिणेत एक जातीची सुगरण झाडावर गवताची प्रचंड गंजी रचते. तिच्यात अनेक जोडप्यांच्या खोल्या असतात व दारे खालून उघडतात. त्यांतल्याच एखाद्या खोलीत बटू ससाणा राहतो. ज्या दाराच्या कडेला विष्ठेचा पांढरा थर दिसेल, ते त्याचे. सरडे आणि किडे हा त्याचा मुख्य आहार. प्रसंगी तो शेजारणीची पिल्लेही उचलतो. तरीही सुगरणी घर सोडून जात नाहीत.

म्हणून कालाहारीत जाणाऱ्याने प्रथम ती गंजी शोधावी, तिच्या खाली उभे राहून दारे न्याहाळावीत आणि मगच जवळच्या शेंड्यांवर नजर टाकावी.