११२ लावला, पुढे काय?

मित्राचा तोल सुटतोय, कुणाला बोलवायचं कळत नाही. आणि जे मदतीला येतात, त्यांना तरी काय करायचं ते कुणी शिकवलेलं असतं का?

समजा, रात्रीचा दीड वाजलाय. तुमचा रूममेट दोन रात्री झोपलेला नाही. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय, असं सारखं म्हणतोय. आता तर त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतलंय. आतून वस्तू फेकल्याचे आवाज येतायत. बाहेर पाच-सहा जण जमलेत. एक म्हणतो, दार तोडू. दुसऱ्याने मोबाइलचा कॅमेरा चालू केलाय. तुम्ही थरथरत्या हाताने ११२ लावता.

सायरन वाजवत गाडी येते. पुढची दहा मिनिटं कशी जाणार, हे बऱ्याच अंशी गाडीतून उतरणाऱ्या माणसाला काय शिकवलंय त्यावर ठरतं.

अतिशयोक्ती वाटते? मग मेम्फिसची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या या शहरात १९८७ साली २७ वर्षांचा एक तरुण हातात चाकू घेऊन स्वतःलाच इजा करत होता. पोलिस आले. त्यांनी दरडावून चाकू टाकायला सांगितलं. तो आणखी बिथरला, त्यांच्या दिशेने धावला आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडला. ज्याला वाचवायचं होतं, तोच गेला!

शहर खवळलं. त्यातूनच १९८८ मध्ये ‘क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम’ म्हणजे ‘सीआयटी’ उभी राहिली. पोलिस, विद्यापीठातले तज्ज्ञ आणि मानसिक आजार असलेल्यांची कुटुंबं एकत्र बसली. गस्तीवरचे जे पोलिस स्वतःहून तयार असतील, त्यांना ४० तासांचं प्रशिक्षण द्यायचं आणि असा कॉल आला की त्यांनाच पुढे करायचं, असं ठरलं. आज ही पद्धत अमेरिकेत ठिकठिकाणी वापरली जाते.

त्या ४० तासांत काय होतं? आजारांची, औषधांची ओळख. आजारातून गेलेल्या माणसांशी थेट गप्पा. खोटेखोटे प्रसंग उभे करून सराव. काही ठिकाणी तर हेडफोन लावून कानात सतत कुजबुजणारे, टोमणे मारणारे आवाज ऐकवतात आणि त्याच वेळी साधी साधी कामं करायला सांगतात. तेव्हा कळतं, की समोरचा माणूस ‘ऐकत नाही’ म्हणजे मस्ती करत नाही. त्याच्या डोक्यात आधीच गोंगाट चालू आहे.

मग नेहमीचा पोलिसी खाक्या उलटा करावा लागतो. सायरन बंद. अंतर ठेवायचं. एकानेच बोलायचं, हळू आवाजात. नाव सांगायचं, नाव विचारायचं. घाई नाही. पण नुसतं गोड बोलून भागत नाही. मेम्फिसने त्याला हॉस्पिटलची जोड दिली. पोलिसांनी आणलेल्या पेशंटला तिथे ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही, हा नियम. नाहीतर उरते ती कोठडीच.

ही काही जादूची कांडी नाही. प्रशिक्षणाने पोलिसांची समज वाढते, हे अभ्यासांत दिसलंय. जखमी होण्याचं, जीव जाण्याचं प्रमाण किती घटतं, यावर मात्र एकमत नाही.

आणि आपल्याकडे? कायदा चांगला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ म्हणतो की पोलिसांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना याचं नियमित प्रशिक्षण द्यायला हवं. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, मानसिक आजार असलेली व्यक्ती रस्त्यात भटकताना दिसली, तर तिला ताब्यात घेऊन लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असंच कायदा धरून चालतो. तिला गुन्हेगार नाही, मदत लागणारा माणूस मानतो.

पण कागदावरचा कायदा रात्री दीड वाजता होस्टेलच्या जिन्यावर पोचायला हवा ना? म्हणून एक काम करा. कॉलेजच्या एनएसएसमध्ये असाल तर पुढच्या कार्यक्रमाला पोलिसांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना एकत्र बोलवा. विचारा, असं प्रशिक्षण इथे कधी झालं? विचारणारं कुणी असलं, की गोष्टी हलतात.

आणि हो, गाडी येण्याआधीची दहा मिनिटं तुमचीच असतात.

* गर्दी पांगवा, कॅमेरे बंद करा. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे, त्या एकानेच बोलायचं.
* ‘असं काही नाहीये’ म्हणून वाद घालू नका. ‘तुला भीती वाटतेय, दिसतंय मला. मी इथेच आहे,’ एवढं पुरे.
* जीव द्यायचा विचार येतोय का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.
* इजा होईल अशा वस्तू शक्य असेल तर दूर करा. स्वतःचा जीव धोक्यात घालू नका. त्याला एकटं सोडू नका.
* ११२ वर सांगताना ‘राडा चाललाय’ म्हणू नका. ‘मानसिक त्रास होतोय, वैद्यकीय मदत हवी,’ असं स्पष्ट सांगा.
* बोलायला, सल्ल्याला ‘टेली-मानस’ : १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही.

हा शेवटचा नंबर आत्ताच सेव्ह करा. रात्री दीड वाजता शोधत बसायला वेळ नसतो.