सागाच्या गाभ्याला वाळवी का लागत नाही?

मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी रवाना झाले. टिकाऊ म्हणून चंद्रपूर आणि आलापल्लीच्या सागाची कीर्ती जुनी आहे. पण साग सगळाच टिकाऊ नसतो.

ओंडक्याचा काप पाहा. बाहेरचा फिकट भाग जिवंत झाडात पाणी वाहून नेतो. त्यात पिष्ट आणि साखर साठते, म्हणून कीड आणि बुरशी आधी तिथेच शिरते. आतल्या पेशी मरताना झाड त्यांत तेलकट, विषारी द्रव्ये भरते. तोच सोनेरी-तपकिरी गाभा. त्यातले टेक्टोक्विनोन वाळवीला दूर ठेवते, रबरासारखा चिकट अंश पाणी मुरू देत नाही, आणि ओलावा नसला की बुरशी वाढत नाही. टिकाऊपणा वजनावर ठरत नाही, या द्रव्यांवर ठरतो. चंद्रपूरच्याच जंगलातल्या सावरीच्या झाडात ती जवळजवळ नसतात. तिचे लाकूड उघड्यावर लवकर कुजते. बिजा मात्र सागासारखाच चिवट.

कोवळ्या सागात गाभा कमी आणि त्यातली द्रव्येही विरळ. म्हणून चौकटीचे लाकूड घेताना नुसते ‘सागवान’ या नावावर जाऊ नका. पांढरी कड सुताराकडून काढून घ्या, किंवा तिला वाळवीरोधक औषध लावून घ्या.