पावाला न लागणारा जॅम

“मामा, तुझं हे गाणं बिघडलंय. अठ्ठेचाळीस मिनिटं दाखवतंय!”

माझी भाची माझ्या फोनवरची गाणी चाळत होती. तिच्या हिशेबाने गाणं चार मिनिटांचं असतं, फार फार तर पाच. मी म्हटलं, “बिघडलेलं नाही गं. जॅम बँडचं आहे.” तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, “मिक्स फ्रूट?”

हसू नका, तिचं काही चुकलं नाही. जॅम म्हटलं की आपल्याला पावाला लावायचा जॅम आठवतो, नाही तर रस्त्यातला ट्रॅफिक जॅम. हा जॅम तिसराच. अमेरिकेतले जॅझ वाजवणारे वादक रात्री नोकरीचा कार्यक्रम आटोपला की एखाद्या छोट्या क्लबात जमायचे. समोर कागद नाही, आधी ठरवलेलं काही नाही. एकाने सुरू करायचं, बाकीच्यांनी सुचेल तशी त्यात भर घालायची. याला ते जॅम करणं म्हणायचे. पुढे रॉक संगीतातल्या काही जणांनी हाच उद्योग भर मैफलीत, तिकीट काढून आलेल्या हजारो लोकांसमोर सुरू केला. हेच ते जॅम बँड.

पण कोणत्या बँडला जॅम बँड म्हणायचं आणि कोणाला नाही, हे ओळखायचं कसं? चला, एकेक खूण तपासू या.

गाणं तेच, घड्याळ वेगळं

भाचीला सापडलेल्या गाण्याचं नाव ‘डार्क स्टार’ आणि बँडचं नाव ‘ग्रेटफुल डेड’. हा बँड १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला. त्यातला मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया. लहानपणी लाकडं फोडताना झालेल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट बरंचसं तुटलं होतं, तरी पठ्ठ्याने आयुष्यभर गिटार वाजवली. बँडचं नाव त्याला शब्दकोश उघडल्यावर अचानक दिसलं, असं तो सांगायचा. ‘ग्रेटफुल डेड’ हे एका प्रकारच्या लोककथांचं नाव आहे. एक वाटसरू पदरमोड करून एका अनोळखी गरिबाचे अंत्यसंस्कार करतो आणि पुढे तो मेलेला माणूसच उपकार फेडायला त्याच्या मदतीला येतो. म्हणून ‘कृतज्ञ मृतात्मा’!

१९६८ मध्ये ‘डार्क स्टार’ची छोटी तबकडी निघाली, तेव्हा ते गाणं पावणेतीन मिनिटांत संपत होतं. पुढच्याच वर्षी मैफलीत वाजवलेलं तेच गाणं मोठ्या रेकॉर्डवर आलं, ते २३ मिनिटांचं. आणि मे १९७२ मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅम शहरात त्यांनी ते वाजवलं, ते जवळजवळ ४८ मिनिटं!

गाण्याचे शब्द वाढले का? एकही नाही. ओळखीची सुरावट वाजायची, मग सगळे मिळून तिच्यापासून लांब भटकायला जायचे आणि कधी तरी परत घरी यायचे. तुमच्या घरी कोणी शास्त्रीय संगीत ऐकत असेल तर तुम्हाला हे नवीन वाटणार नाही. बंदिश दोन-चार ओळींची, पण गायक ती अर्धा तास रंगवतो. फरक एवढाच, की तिथे एक जण गातो आणि बाकीचे साथ करतात. इथे पाच-सहा जण एकदम भटकायला निघतात आणि पुढे कोण चालणार हे आधी ठरलेलं नसतं.

मग लांबलचक गाणं वाजवलं की झाला जॅम बँड? मुळीच नाही. इंग्लंडच्या ‘येस’ या बँडचं ‘क्लोज टू द एज’ हे गाणं चांगलं १८ मिनिटांचं आहे. पण त्याची जागा न् जागा आधी बांधलेली आहे. आज मुंबईत वाजवा नाही तर उद्या लंडनमध्ये, वळणं तीच. लांबी ही खूण फसवी आहे.

‘हेऽ’ म्हणायचं, पण कधी?

आता दुसऱ्या बँडकडे जाऊ. ‘फिश’. हा १९८३ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांनी काढला. यांचा ड्रम वाजवणारा जॉन फिशमन मधूनच चक्क व्हॅक्यूम क्लीनर वाजवतो. नळी तोंडाला लावली की हवा आत खेचली जाते आणि ओठ-गाल फडफडून भन्नाट आवाज निघतो. (घरी करून बघू नका. गालही दुखेल आणि ओरडाही बसेल.)

पण माझ्या मते त्यांची खरी कमाल मैफलीत दिसत नाही, ती सरावाच्या खोलीत आहे. तिथे चौघे मिळून एक खेळ खेळायचे. एक जण छोटासा तुकडा वाजवायला लागतो, तोच तोच, पुन्हा पुन्हा. बाकीचे तिघे त्यात आपापला तुकडा मिसळतात. चौघांचं नीट जुळलं, सगळ्यांनाच सगळे स्थिरावलेले ऐकू आले, की ‘हेऽ!’ म्हणायचं. सगळ्यांचं ‘हेऽ’ एकाच वेळी पडलं तर खेळ जमला. लगेच दुसरा जण आपला तुकडा बदलतो आणि डाव पुन्हा सुरू.

यातली गोम लक्षात आली का? स्वतःच्याच वाजवण्यात रमलेल्याचं ‘हेऽ’ हमखास चुकतं. बरोबर वेळी म्हणायचं असेल तर आपले हात आपोआप चालू ठेवायचे आणि कान इतर तिघांकडे द्यायचे. गिटार येणं ही फक्त अर्धी तयारी. उरलेली अर्धी कानांची.

हत्तींएवढी भिंत

कान द्यायचे ठीक आहे, पण ऐकू तर आलं पाहिजे! मोठ्या मैदानात स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वादकांना भलताच, घुमणारा आवाज येतो. म्हणून १९७४ मध्ये ग्रेटफुल डेडने एक अचाट प्रकार केला. सुमारे ६०० स्पीकरांची एक भिंत रचली आणि ती आपल्या पाठीमागे उभी केली. जे लोकांना ऐकू येणार तेच वादकांना. प्रत्येक वाद्याला स्पीकरांची वेगळी चळत. सगळ्या सामानाचं वजन सुमारे ७५ टन, म्हणजे पंधरा-वीस हत्ती!

पण एक पंचाईत झाली. शाळेच्या गॅदरिंगला कोणी माईक घेऊन स्पीकरसमोर गेलं की ‘कुंईऽऽ’ असा कर्कश आवाज होतो ना? स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, तो मोठा होऊन स्पीकरमधून निघतो, परत माईकमध्ये शिरतो... आणि इथे तर सहाशे स्पीकर थेट माईकवर रोखलेले!

यावरची युक्ती गणिताची होती. प्रत्येक गायकासमोर दोन माईक, एकावर एक. त्यातल्या एकाची जोडणी उलटी. आवाज म्हणजे हवेची ढकलाढकली. भिंतीकडून येणारा आवाज दोन्ही माईकवर सारखाच आदळायचा. एक माईक म्हणायचा ‘अधिक पाच’, उलटा जोडलेला म्हणायचा ‘उणे पाच’. बेरीज शून्य! गायक मात्र एकाच माईकला अगदी तोंड लावून गायचा. त्याचा आवाज दुसऱ्या माईकपर्यंत फारसा पोचायचा नाही, त्यामुळे तो शिल्लक राहायचा. ही भिंत उभारणं इतकं खर्चाचं होतं, की त्याच वर्षी तिला निरोप द्यावा लागला. पण एकमेकांना नीट ऐकता यावं म्हणून केवढा हा खटाटोप!

मुंबईहून गेलेले आकडे

या गोष्टीत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. ग्रेटफुल डेडमध्ये दोन ड्रमवादक होते. त्यातला मिकी हार्ट १९६७ मध्ये उस्ताद अल्लारखाँ यांना भेटला. तेच ते, पंडित रविशंकरांबरोबर तबला वाजवणारे, मुंबईत राहणारे. त्यांच्याकडून त्याने मात्रांचे खेळ शिकायला सुरुवात केली. रॉक संगीत बहुतेक वेळा ‘एक-दोन-तीन-चार’वर चालतं. अल्लारखाँसाहेबांच्या बोटांवर तर कुठलाही आकडा सुखाने नांदायचा.

त्याच सुमारास या बँडने एक गाणं बसवलं. नावच ‘द इलेव्हन’, अकरा. आता माझ्याबरोबर मांडीवर ठेका धरा, प्रत्येक ‘एक’ला जोरात: एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन. झाल्या अकरा! शेवटी पाय थोडा अडखळल्यासारखा वाटतो ना? तीच गंमत. आपल्याकडे रुद्र ताल ११ मात्रांचा असतो, पण रॉक ऐकायला आलेल्या मंडळींना हे नवलच होतं.

पुढे अल्लारखाँसाहेबांचे चिरंजीव झाकीर हुसेन आणि मिकी हार्ट यांची घट्ट मैत्री जमली. ‘प्लॅनेट ड्रम’ नावाचा त्यांचा तालवाद्यांचा अल्बम १९९१ मध्ये आला आणि जागतिक संगीतासाठीचा पहिलावहिला ग्रॅमी पुरस्कार त्याला मिळाला.

आतला मास्तर गप्प

आयत्या वेळी सुचेल ते वाजवताना मेंदूत काय चालतं? चार्ल्स लिम आणि अ‍ॅलन ब्राउन या संशोधकांनी २००८ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाजवायला लावलं. या यंत्रात जबरदस्त चुंबक असतं, लोखंड आत नेलं तर अनर्थ. म्हणून खास ३५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड बनवून घेतला. एकदा पाठ केलेलं वाजवायचं, एकदा मनाने.

मनाने वाजवताना कपाळामागच्या मेंदूचा एक भाग शांत झालेला दिसला. ‘हे बरोबर का? ते चुकलं का?’ अशी आपली आपणच तपासणी करणारा हा भाग, आपल्या आतला छडीवाला मास्तर म्हणा ना! आणि आपलं स्वतःचं काही सांगताना जागा होणारा मधला भाग जास्त कामाला लागला. मधल्या सुट्टीत गप्पा मारताना तुम्ही वाक्यं कुठे आधी लिहून काढता? शब्द आधीपासून येत असतात, वाक्यं तिथल्या तिथे होतात. तसंच हे. मात्र आधी शब्द यायला हवेत, म्हणजे इथे तासन् तास रियाज.

उद्या वेगळं ऐकायला या

रोज नवीन वाजवायचं म्हटल्यावर गाण्यांची यादीही रोज वेगळीच असणार. फिशने २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १३ रात्री कार्यक्रम केले. गाणी वाजवली २३७ आणि एकही गाणं दोनदा नाही! चाहते या याद्या जपून ठेवतात. एक गाणं न थांबता दुसऱ्यात शिरलं तर दोन नावांमध्ये बाण काढतात.

आणि म्हणूनच ग्रेटफुल डेडने आणखी एक उलटी गोष्ट केली. इतर ठिकाणी मैफलीत रेकॉर्डिंग करणाऱ्याला हाकलून देत. यांनी १९८४ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच दिली. तिथे उंच काठ्यांवर लावलेल्या मायक्रोफोनचं रान उगवायचं. अट एकच, कॅसेट विकायची नाही. तू मला तुझी दे, मी तुला माझी देतो. ८ मे १९७७ ला कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या मैफलीची कॅसेट अशीच हातोहात फिरत राहिली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते ध्वनिमुद्रण देशाचा ठेवा म्हणून जतन करायच्या यादीत घेतलं.

तर आता निकाल सांगतो. गाणं किती मिनिटांचं आहे हे बघू नका. कालचंच गाणं आज वेगळं झालं का, आणि वाजवणारे एकमेकांचं ऐकून ते बदलतायत का, हे बघा. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर तो जॅम बँड.

खात्री करायची असेल तर या रविवारी चार मित्रमैत्रिणी जमवा. एकाला स्टीलचं ताट, एकाला रिकामा डबा, एकाला दोन चमचे, एकाला नुसत्या टाळ्या. एकाने सोपा ठेका धरायचा, बाकीच्यांनी त्यात मिसळायचं आणि सगळं जुळलंसं वाटलं की ‘हेऽ!’ आमच्या घरी पहिले आठ डाव फसले. भाची स्वतःचाच डबा ऐकत होती, आणि खरं सांगायचं तर मीही. नवव्याला चौघांचं ‘हेऽ’ एकदम पडलं.

तुम्ही खेळाल तेव्हा घरातल्या कोणाला तरी फोनवर रेकॉर्ड करायला मात्र सांगून ठेवा. अगदी तसंच पुन्हा वाजणार नाही.