मेळावा मुलांचा, गृहपाठ आईचा

पहिलीत जाणाऱ्या मुलाबरोबर आईलाही शाळेत बोलवायचं, ही कल्पना महाराष्ट्रात २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ अभियानातून गावोगाव पोहोचली. शाळेत मेळावा भरतो. मूल एका टेबलावर चित्र पाहून बोलतं, दुसऱ्यावर वस्तू मोजतं. कुठे अडखळतं, ते आई शेजारी उभी राहून पाहते. मग वस्तीतल्या आयांचे गट होतात आणि घरी करायच्या कृती ठरतात: शेंगा सोलताना दाणे मोजणं, धुतलेल्या कपड्यांतले लहान-मोठे वेगळे करणं. अक्षरओळख नसलेल्या आईलाही हे जमतं, ही यातली खरी खुबी.

बापांना सूट का, हे मात्र विचारायलाच हवं.

पालकांना मुलांच्या शिक्षणात ओढण्याचं मूळ जुनं आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकातून पालकांशी बोलत होत्या. पुढे १९४५ मध्ये बोर्डी गावात त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी बालवाडी थेट वस्तीतल्या अंगणात नेली. तिथे वर्ग घरच्यांच्या डोळ्यांसमोरच भरे; वेगळ्या पालकसभेची गरज निम्मी कमी.

आजची अडचण साधी आहे: आयांच्या गटाची सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या बाईचा रोज बुडाला. सभा संध्याकाळी ठेवावी, तर ती घेणाऱ्या अंगणवाडी सेविकेचा दिवस आणखी लांबतो.