नेवाकाठची नगरी

रशियातील सेंट पीटर्सबर्ग या नगरीचा इतिहास हा बव्हंशी तेथील पाण्याचाच इतिहास होय. लाडोगा सरोवरातून निघालेली नेवा नदी अवघा ७४ किलोमीटरांचा प्रवास करून फिनलंडच्या आखातास मिळते. तिच्या मुखाशी, दलदलीच्या प्रदेशात, पीटर बादशहाने १७०३ साली या नगरीचा पाया घातला. रशियास बाल्टिक समुद्राचे द्वार हवे होते. ते लाभले खरे. परंतु त्यापायी हजारो मजुरांना प्राणांस मुकावे लागले. पुढे सुमारे दोनशे वर्षे ही नगरी रशियाची राजधानी होती.

पश्चिमेचा झंझावात सुटला की आखाताचे पाणी मुखात लोटते आणि नेवा फुगते. १८२४ साली पाणी चार मीटरांहून अधिक चढले होते. २०११ साली आखातावरील सुमारे २५ किलोमीटरांचा बांध पुरा झाला, तेव्हा कोठे हे भय ओसरले.

तथापि, याच पाण्याने नगरीस एकदा तारिलेही. १९२४ पासून १९९१ पर्यंत तिचे नाव लेनिनग्राड होते. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने तिला वेढा घातला. त्या हिवाळ्यात मुलांच्या व वृद्धांच्या वाट्यास दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव येई. नोव्हेंबरात लाडोगा गोठले आणि बर्फावरून धान्याच्या मालमोटारी धावू लागल्या. परतताना त्या माणसांना बाहेर नेत. ८७२ दिवसांच्या वेढ्यात लाखो लोक भुकेने मेले. पण नगरी शत्रूच्या हाती पडली नाही. त्या बर्फाच्या वाटेस ‘जीवनमार्ग’ असे नाव पडले, ते आजही रूढ आहे.