जमिनीखालची सरळ रेघ

बीड शहराच्या दक्षिणेला सहाएक किलोमीटरवर एक गोल, दगडी बांधणीची विहीर आहे. नाव खजाना बावडी. या विहिरीबद्दल बीडमध्ये कुणालाही विचारा, पहिलं वाक्य एकच ऐकायला मिळतं: हिचं पाणी वाढत नाही आणि कमीही होत नाही. पावसाळ्यात ते काठाशी येत नाही आणि शिवारातल्या विहिरी कोरड्या ठणठणीत पडल्या तरी ते तळाला जात नाही.

ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, आणि दिवाळी सरली की अर्धं गाव ऊसतोडीला बाहेर पडतं, तिथे हे वाक्य चमत्कारासारखं वाटतं. त्यामागचं कारण समजून घेतलं की चमत्कार ओसरेल असं वाटतं, पण माझ्या बाबतीत उलटं झालं. त्या वाक्यात देवाची कृपा नाही, गणित आहे आणि ते मांडून जमिनीत उतरवणारी माणसं आहेत, हे कळल्यावर मी थक्क झालो.

विहीर बांधली गेली हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८३ च्या सुमारास. अहमदनगरच्या गादीवर मुर्तजा निजामशहा होता आणि बीडची जहागीर सलाबत खानाकडे होती. किल्ल्याच्या कामासाठी आलेला खजिना सलाबत खानाने या विहिरीत घातला, दरबारात जाब विचारला गेला, तेव्हा तो म्हणाला की आपण एक खजिना खर्चून लोकांना दुसरा खजिना दिला, अशी गोष्ट सांगतात. बावडीचं नाव तिथूनच आलं म्हणे. गोष्ट छान आहे आणि तोंडातोंडी चारशे वर्षं टिकलीही आहे. पण तिच्यासोबत आणखी एक नाव आपल्यापर्यंत पोचलंय, ते मात्र कुणी फारसं घेत नाही. राजा भास्कर. विहिरीचा स्थापत्यकार. पैसा कुणी दिला हे आपण लक्षात ठेवतो. तो पैसा पाण्यात कसा बदलला, हे ज्याला ठाऊक होतं तो बाजूला राहतो. म्हणून हा लेख भास्करच्या बाजूने.

खजाना बावडीला विहीर म्हणणं सोयीचं असलं तरी खरं बघता ती एका लांब भुयारी वाटेवरचा थांबा आहे. जमिनीखालून पाणी घेऊन येणारी भुयारं तिच्यात उघडतात आणि जमिनीखालूनच पाणी बाहेर नेणारं भुयार तिच्यातून निघतं. ते पाणी पुढे बीडच्या बाजूच्या शेतजमिनीला मिळतं. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. पाणी आपल्या पायाने येतं आणि आपल्या पायाने जातं.

पातळी न बदलण्याचं कोडं इथेच सुटतं. रांजणाच्या पोटाला मध्यावर भोक पाडलं आणि वरून पाणी ओतत राहिलं, तर पाणी भोकाच्या वर चढत नाही. धार मोठी असो की करंगळीएवढी, जोवर ती सुरू आहे तोवर पातळी भोकाशीच राहते. बदलतं ते फक्त भोकातून बाहेर पडणारं पाणी. बावडीत ते भोक म्हणजे बाहेर जाणाऱ्या भुयाराचा उंबरा. चांगल्या पावसाच्या वर्षी शेताला भरपूर पाणी जातं, दुष्काळी वर्षी कमी, पण विहिरीत डोकावणाऱ्याला पातळी तीच दिसते. म्हणजे बीडकर पिढ्यान्‌पिढ्या जे सांगत आलेत ते अक्षरशः खरं आहे, आणि ते खरं राहील एवढी काळजी सोळाव्या शतकातल्या एका माणसाने घेतली. उंबरा कुठे बसवायचा, हा त्याचा निर्णय. तो हातभर वर बसवला असता तर पाणी आणणाऱ्या भुयारांत फुगवटा येऊन त्यांची आवक मंदावली असती. हातभर खाली नेला असता तर पुढच्या शेतांपैकी वरच्या अंगाची शेतं कोरडी राहिली असती.

आता या भुयारांचा उतार पाहू, कारण सगळी करामत तिथे आहे. समजा, जमीन दर शंभर मीटरला एक मीटर उतरते आहे. आपण सात मीटर खोलीवरून एक भुयार काढलं आणि त्याला दर हजार मीटरला एकच मीटर उतार दिला. भुयार खाली चाललंय, पण जमीन त्याच्यापेक्षा दहापट वेगाने खाली चालली आहे. दर शंभर मीटरला दोघांमधलं अंतर नव्वद सेंटिमीटरनं घटतं. पावणेआठशे मीटर गेलं की भुयाराचं तोंड आपोआप उजेडात येतं, आणि सात मीटर खोल असलेलं पाणी कुणी न उपसता शेतात उतरतं. जमिनीखालचं पाणी उचलून वर आणायचं नाही. जमीनच खाली येईपर्यंत त्याला जवळजवळ सपाट वाटेने चालवत न्यायचं. ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली असेल त्याच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटतं.

कल्पना मूळची इराणकडची. तिथे तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. पूर्व इराणमधल्या गोनाबादच्या कनाताची लांबी तेहेतीस किलोमीटर आहे, आणि २०१६ साली इराणमधल्या अशा अकरा कनातांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. अल-कराजी नावाच्या गणितज्ञाने १०१७ च्या सुमारास जमिनीत दडलेलं पाणी बाहेर कसं काढावं यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात पाण्याच्या खुणा आहेत, पातळी मोजायची साधनं आहेत, भुयाराची दिशा राखायच्या रीती आहेत. खजाना बावडीच्या साडेपाचशे वर्षं आधी!

पण ग्रंथ एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा जमीन बदललेली असते. इराणातली कनातं बहुतेक डोंगरपायथ्याच्या गाळाच्या थरांत खणलेली. बीड मात्र दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलंय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून बनलेला हा खडक आहे. त्यातला घट्ट कातळ पाणी आत घेत नाही. पाणी साठतं आणि सरकतं ते मुरमात, भेगाळलेल्या थरात, दोन थरांच्या सांध्यात आणि नदीकाठच्या वाळू-गाळात. बालाघाटच्या डोंगरातून निघालेली बिंदुसरा नदी इथूनच बीडकडे येते आणि पुढे सिंदफणेला, सिंदफणेतून गोदावरीला मिळते. अशा जमिनीत भुयार दोन-चार हात वर-खाली गेलं तरी ते कोरड्या कातळात शिरू शकतं. म्हणून पहिला जाणकार लागतो तो जमीन वाचणारा. विहीर खणताना निघणारा मुरूम कुठे मऊ आहे, उन्हाळ्यात कुठली झाडं हिरवी राहतात, जुन्या विहिरींना कुठल्या अंगाने पाझर लागतो, हे ज्याच्या डोक्यात साठलंय असा माणूस. खेड्यात त्याला पाणाड्या म्हणतात. त्याच्या नारळाबद्दल आणि काठीबद्दल मला फारसा भरवसा नाही, पण पंचक्रोशीतल्या शंभर विहिरी खणताना पाहिलेल्या माणसाच्या नजरेबद्दल आदर आहे.

मग पातळी मोजणारा. हजाराला एक हा उतार डोळ्यांना दिसत नाही. तो दहा हातांवर जेमतेम पाव बोटाने खाली जातो. तो राखायला पाणसळ लागते, दोरी लागते, आणि प्रत्येक टप्प्याला आधीचं माप पुन्हा ताडून बघायची सवय लागते. उतार जास्त झाला तर पाणी जोरात धावून भुयाराचा तळ कोरत नेतं. कमी झाला तर गाळ बसतो. चूक लगेच कळत नाही, वीस-तीस वर्षांनी कळते, जेव्हा मोजणारा हयात नसतो.

आणि दिशा? अंधारात, जमिनीखाली, सरळ कसं जायचं? याचं उत्तर इतकं साधं आहे की ते वाचल्यावर मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो. भुयाराच्या वाटेवर ठरावीक अंतराने वरून खाली उभी विवरं पाडतात; पुण्याच्या कात्रज नळाच्या बाबतीत त्यांनाच उच्छ्वास म्हणतात. विवराच्या तोंडावर एक आडवं लाकूड ठेवायचं, ते पुढच्या विवराच्या रोखाने धरायचं, आणि त्याच्या दोन टोकांना दोन ओळंबे खाली सोडायचे. तळाशी बसलेल्या माणसाला आकाशाचा फक्त एक गोल दिसतो, पण त्याच्यासमोर दोन दोऱ्या लटकत असतात. तो दिवा घेऊन मागे सरकतो. दोन्ही दोऱ्या एकामागे एक येऊन एकच दोरी दिसली, की जमिनीवरची दिशा जशीच्या तशी पाताळात उतरली. त्या रोखाने टिकाव चालवायचा. पलीकडच्या विवरातूनही कुणीतरी असाच खणत येतो आणि दोघे मधे भेटतात. तोच दिवा हवेवरही पहारा ठेवतो. ज्योत मंदावली की कामकऱ्याने वर यायचं. हे काम बेलदार-वडारांसारख्या, दगड-मातीत पिढ्या घालवलेल्या लोकांचं. नकाशा भास्करने काढला असेल, पण तो अंधारात बसून खरा करणारे हे लोक.

विहिरीचा गोल आकारही नुसता शोभेचा नाही. चारी बाजूंनी माती आत रेटत असते. चौकोनी भिंत त्या रेट्याने मधोमध पोट काढते. गोलात बसवलेला प्रत्येक घडीव चिरा शेजारच्या दोन चिऱ्यांवर भार टाकतो आणि माती जितकी रेटेल तितका गोल आणखी घट्ट बसतो. अट एकच, चिऱ्यांचे सांधे केंद्राच्या रोखाने अचूक तासलेले हवेत. म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीवर सगळं अवलंबून.

हे पाथरवट काही अहमदनगरहून आयात करावे लागले नसणार. बीडमधलं कंकालेश्वराचं देऊळ बघा. विहिरीच्या कितीतरी शतकं आधीचं, कुंडाच्या मधोमध, पाण्याने वेढलेलं. पाण्यात उभा राहणारा पाया घालायची विद्या या गावाला चालुक्य-यादवांच्या काळापासून होती. अंबाजोगाईला यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचं देऊळ आहे, धर्मापुरीला केदारेश्वराचं. या जिल्ह्यातल्या हातांना काळा दगड परका नव्हता. इराणी कल्पना आणि मराठवाड्याची छिन्नी यांची गाठ खजाना बावडीत पडली, आणि ती घालून देणाऱ्याचं नाव भास्कर आहे, यात मला दख्खनचा अख्खा इतिहास दिसतो.

ही विद्या कुणा एका घराण्याची किंवा पेढीची नव्हती. बिदरला बहमनी काळातलं नौबादचं कारेझ आहे. निजामशाहीच्या राजधानीत, आजच्या अहिल्यानगरात, आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी खेळवलेलं होतं. बीडनंतर तीसएक वर्षांनी, १६१५ मध्ये, बऱ्हाणपूरला तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून येणारं पाणी भुयारात पकडलं. तेच कुंडी भंडारा. आणि मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर आणली तीही त्याच सुमाराची. नकाशावर ही ठिकाणं जोडून पाहिली की पाणसळ आणि ओळंबा खांद्यावर टाकून एका कामावरून दुसऱ्या कामावर जाणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. मलिक अंबरचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं, ते योग्यच आहे. पण दख्खनमध्ये इतक्या ठिकाणी इतकं नाजूक काम उभं राहतं, तेव्हा त्याच्यामागे शिकवणारे आणि शिकणारे भरपूर असणार.

आजच्या स्थापत्यकाराच्या कार्यालयात गेलात तर दारावर एकच नाव असतं आणि आत भूगर्भाचा अहवाल देणारा, मोजणी करणारा, संरचनेचा अभियंता, पाणी-सांडपाण्याचा तज्ज्ञ असे दहा लोक एका नकाशावर वाकलेले असतात. कामाची वाटणी तेव्हाही हीच होती. फरक इतकाच की त्यांचं उत्तर एकाच गोष्टीवर तपासलं जाणार होतं: पाणी येतं की नाही.

आता तेच पाणी संकटात आहे. बावडीचा उंबरा सोळाव्या शतकातल्या भूजलाच्या पातळीला धरून बसवलेला आहे. भोवताली शेकडो फूट खोल बोअर घेतले जातात तेव्हा भूजल त्या पातळीच्या खाली ओढलं जातं, आणि भुयारात झिरपायला काही उरत नाही. या रचनेला दुष्काळाशी झुंजायचं माहीत आहे. तिच्या पोटाखालून उपसा होईल हे तिच्या कर्त्यांच्या हिशेबात नव्हतं, असूही शकत नव्हतं. शिवाय उभी विवरं बुजली, त्यांवर बांधकाम झालं की भुयार आतून ढासळतं आणि वरच्याला पत्ता लागत नाही.

बिदरला गेल्या दशकात कारेझमधला गाळ काढला गेला, विवरं मोकळी केली गेली. बीडला करायचं काम त्याच वाटेचं आहे, आणि त्याची सुरुवात मोजणीपासून व्हायला हवी. स्थापत्य आणि स्थापत्य-अभियांत्रिकी शिकणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांनी आजची लेझरची पाणसळ घेऊन या भुयारांचा उतार टप्प्याटप्प्याने मोजावा, प्रत्येक विवर नकाशावर नोंदवावं, उंबऱ्यावरून किती पाणी जातं ते बाराही महिने लिहून ठेवावं. आसपासच्या बोअरची पातळी त्या आकड्यांशेजारी मांडली, की कुठल्या शिवारातला उपसा थांबवायचा हे भांडणाविना ठरवता येईल. आणि त्या मुलांना, भुयारात उतरल्यावर, ओळंब्याच्या दोन दोऱ्या एकीत एक मिळवून एकदा स्वतः दिशा धरून पाहू द्यावी.